खाडा

आबांच्या उजव्या पायाचा अंगठा मला अजून दिसतो. नख जाड, पिवळट, एका कडेनं फुटलेलं. त्या अंगठ्याला सुतळी बांधलेली आणि सुतळीचं दुसरं टोक लिंबाच्या फांदीला टांगलेल्या झोळीला. आबा खोडाला टेकून बसायचे, पाय लांब करायचे आणि अंगठा हलवत राहायचे. हात मोकळे. त्या हातांत कधी तंबाखूची चंची, कधी वळायला घेतलेलं दावं. झोळीत माझा तीन महिन्यांचा मुलगा. साल १९८८, महिना फेब्रुवारी. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला असलेली दोनशिक्षकी शाळा. शाळेत मी बाई, आणि झाडाखाली बसलेला हा धोतर-टोपीतला गृहस्थ माझा सासरा.

पालकत्व रजा, पितृत्व रजा हे शब्द अलीकडे पेपरात सारखे येतात. ते वाचले की मला तो अंगठा आठवतो. त्या अंगठ्याचं देणं माझ्यावर आहे. ते मी कसं बुडवलं, तेही सांगायचं आहे.

आम्हाला तेव्हा प्रसूती रजा ९० दिवसांची. ती मी कंजुषासारखी वापरली. नववा भरत आला तरी फळ्यासमोर उभी होते, कारण आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या दिवसांतून वजा होणार. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, बारामतीच्या कसब्यात. आईनं शेक-शेगडी केली, धुरी दिली, हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं यथासांग. सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही. मी एकदा कौतुकानं म्हणाले, "सरकारनं रजा दिली म्हणून बरं." आई बाळाला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकारनं तुला दिली. मला कुणी दिली?" आई घरी शिवणकाम करायची. त्या दोन महिन्यांत तिची दिवाळीनंतरच्या लगीनसराईची सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. हे मला तेव्हा हसण्यावारी न्यायचं बोलणं वाटलं.

सासरी आले तेव्हा रजेचे थोडेच दिवस उरले होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, लग्नाच्या आदल्याच वर्षी गेलेल्या. नवरा साखर कारखान्यात पाळीवर, आणि कारखान्याचा सीझन ऐन भरात. सीझनमध्ये रजा मागणं म्हणजे वरातीत नवरदेवानं घोड्यावरून उतरून घरी जाणं. त्यानं मागितली नाही, मीही त्याला माग म्हटलं नाही. असं काही मागता येतं हेच आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नाही.

मग मूल ठेवायचं कुणाजवळ? मी तोड काढली होती. चौथीतली एक मुलगी होती, वस्तीवरचीच, शांत, हाताला हुशार. तिच्या आईशी बोलून ठेवलं. महिन्याला काही पैसे आणि दुपारचं जेवण. आई आनंदानं तयार झाली. हजर व्हायच्या आदल्या रात्री मी हे आबांच्या कानावर घातलं. ते भाकरी कुस्करत होते. थांबले.

"म्हंजी पोरीला शाळंतनं काढायचं आन् बाईनं शाळा शिकवायची?"

मी गप्प.

"मी हाय की," आबा म्हणाले आणि दुधाची वाटी भाकरीवर ओतली.

झालं. एवढंच. त्या मुलीचं पुढे काय झालं म्हणाल तर ती सातवीपर्यंत शिकली. फार नाही. पण चौथीत थांबली असती आणि तिला थांबवणारी मी असते, यातून आबांनी मला सोडवलं.

पहिले काही दिवस आबा मोठ्या सुट्टीत बाळाला घेऊन यायचे. वस्तीपासून शाळा कालव्याच्या भरावानं मैलभर. उन्हाचं येणं-जाणं पोराला सोसेना, म्हणून त्यांनी शाळेतच मुक्काम हलवला. आपलं जुनं धोतर दुहेरी करून झोळी बांधली. मी दुसरी-चौथीचे वर्ग एका खोलीत घ्यायची. पाढे चालू असताना खिडकीतून झोळी हलताना दिसायची. थांबली की माझा पाढा चुकायचा. कारखान्यातल्या बायकांसाठी असलेल्या १९६१ च्या कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला सुट्टी देण्याची तरतूद होती, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं. आमच्या शाळेत ती तरतूद आबा खाकरून करायचे. एकदा खाकरले की अजून धीर आहे, दोनदा खाकरले की बाई बाहेर या.

गावाला विषय मिळाला. पारावर एकानं विचारलं, "आबा, बाळंतीन सून झाली का तुमी?" दुसरा म्हणाला, बाप्या माणसाला हे शोभत नाही. बायकाही मागे नव्हत्या. हातपंपावर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "म्हाताऱ्याला झोळीला जुंपलाय." मला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर लाज आबांची वाटायची. चार वेळा म्हटलंही, आबा, घरीच बसा ना. ते दावं वळत राहिले.

एकदा तपासणीला विस्तार अधिकारी आले. मोटारसायकल लिंबाखाली लावायला गेले तर तिथे झोळी. मला घाम फुटला. साहेबांनी झोळीत डोकावून विचारलं, "हा कितवीत?"

"आजून पटावर घ्यायचाय, साहेब," आबा म्हणाले.

साहेब हसले. शेरेबुकात झोळीचा उल्लेख आला नाही. मोटारसायकल मात्र त्यांनी उन्हात लावली.

आबा हे का करत होते, ते मला एका रात्री कळलं. पोराला ताप होता, नवरा रात्रपाळीला. कंदील घेऊन आम्ही दोघं बसलेलो. आबा आपणहून बोलायला लागले. तेही तरुणपणी एका कारखान्यात पाळीवर होते. आत्यांची पाच बाळंतपणं झाली, त्यातल्या एकालाही ते नव्हते. तिसरं मूल, मुलगी, आठ महिन्यांची होऊन तापानं गेली. निरोप रात्री आला. बदली माणूस आलेला नव्हता, मशीन सोडून जाता येईना. पहाटे पाळी सुटल्यावर चालत घरी पोचले तोवर भावकीनं मूठमाती दिली होती.

"त्या दिसाचा खाडा न्हाई पडला माजा," आबा म्हणाले. "हजेरी भरली. पुरी."

खाडा हा शब्द मजुरीवर जगणाऱ्यांनाच नीट कळतो. मासिक पगाराच्या माणसाची रजा पडते, मजुराचा खाडा पडतो. रजा शिल्लक असते, खाडा अंगावर येतो. हा फरक मला त्याच हंगामात समोर बघायला मिळाला. शाळेपलीकडच्या मोकळ्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, आष्टी-पाटोद्याकडची. पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या. त्यांच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती जोडीवर. दोघांतलं एक घरी राहिलं तर कोयता मोडतो आणि त्या दिवसाचा खाडा मुकादमाच्या वहीत चढतो, उचलीतून वळता होतो.

त्या टोळीतली एक बाई कोपीतच बाळंत झाली. नवव्या दिवशी पहाटे चार वाजता ती फडावर गेली. बाळ सरीत पाचटावर ठेवून मोळ्या बांधत होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, दोन दिवसांनी ती शाळेच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. आबांकडे बघत होती. बोलली काहीच नाही. आबांनी नुसता हात पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाला दोन झोळ्या. एक आबांच्या धोतराची, दुसरी तिच्या हिरव्या इरकली लुगड्याची. दोन्ही सुतळ्या एकाच अंगठ्याला. ती दुपारी फडावरून धावत यायची, पाजायची, जायची. एकदोनदा तिला यायला फारच उशीर झाला, पोरगी रडून निळी पडायला आली, तेव्हा मी पाजलं. त्याबद्दलही गावात बोललं गेलं, आणि ते बोलणं झोळीपेक्षा कडू होतं. कोण कुठल्या जातीची, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे दूधही पचत नाही. संध्याकाळी जाताना ती वाढ्याची एक पेंढी आमच्या दारात टाकायची. उसाचं वाढं हा त्या लोकांचा वरकमाईचा माल, ते विकून मीठ-मिरची होते. आबा नको म्हणायचे, ती ऐकायची नाही. आमच्या म्हशीनं त्या हंगामात फुकटात दूध वाढवलं. आबा गमतीनं म्हणायचे, "मी पगारी हाय बरं का."

एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गेली. ती निघाली तेव्हा मी चौथीच्या पेपरांत होते. निरोपही झाला नाही.

आषाढात आबांनी नातवाला खांद्यावर बसवून बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं रिंगण दाखवलं. घोडा जवळून गेला तेव्हा पोरगं टोपी धरून हसलं म्हणे. त्यांनी हे किमान शंभर जणांना सांगितलं असेल. १९९६ च्या पावसाळ्यात आबा गेले.

त्यानंतर मी आबांची गोष्ट सांगायला लागले. शिक्षकांच्या गटसंमेलनात, निरोपसमारंभात, स्टाफरूममध्ये. चांगली रंगायची. अंगठा, दोन झोळ्या, "पटावर घ्यायचाय साहेब". लोक हसायचे, एखादीचे डोळे भरायचे. गोष्ट सांगता सांगता माझी झाली. आबांनी माझ्यासाठी काय केलं याऐवजी, मी कसल्या घरातली आहे याची ती गोष्ट झाली. ती बोच आज आहे. तेव्हा नव्हती.

नव्वदीत बायकांसाठी बरंच बोललं जात होतं. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं, देशातलं तसलं पहिलं, आणि मुख्यमंत्री आमच्या बारामतीचे, त्यामुळे इकडे त्याची चर्चा जरा जास्तच. २००९ साली आमची प्रसूती रजा ९० वरून १८० दिवसांची झाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले जायला हवे होते. प्रत्यक्षात आम्ही पिकल्या केसांच्या बायकांनी नाकं मुरडली. "सहा महिने? शाळा चालायची कशी?" "आम्ही नाही का नव्वद दिवसांत उभ्या राहिलो?" हे वाक्य माझंच. नव्वद दिवसांत मी उभी राहिले ती कुणाच्या अंगठ्यावर, हे तेव्हा आठवलं नाही. पुढे लक्षात आलं की अशा रजेला सगळ्यांत मोठ्यानं नावं ठेवतात ती माझ्यासारखी माणसं, ज्यांच्या मागे कुणीतरी आबा, कुणीतरी आई बिनपगारी उभी होती. ती माणसं आम्ही हिशेबात धरतच नाही. घरातलंच माणूस, त्याची कसली रजा!

२०१२ चा जानेवारी. मी तोवर जरा मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर आलेली आणि चौथीचा वर्ग ज्यांच्याकडे, ते गुरुजी अर्ज घेऊन समोर उभे. तिशीचा मुलगा, शिकवण्यात हाडाचा. त्याचं लग्न नोंदणी कचेरीत झालेलं. मुलगी दुसऱ्या जातीची. दोन्ही घरांची दारं बंद. बायकोचं सिझर झालं होतं, बारामतीत भाड्याच्या एका खोलीत ती आणि बाळ. अर्ज पंधरा दिवसांच्या अर्धपगारी रजेचा. शिफारस करून तालुक्याला पाठवणं, एवढंच माझं काम होतं.

मी म्हणाले, "सर, बाळंतपणात पुरुषमाणसाचं काय काम? सासूबाईंना बोलवा की."

त्याचं घर कसं तुटलंय हे मला माहीत होतं. साऱ्या शाळेला माहीत होतं. तरी जीभ वळली. तो म्हणाला, "बाई, येणारं कुणी नाही." मी म्हणाले, "परीक्षा झाली की बघू." तीन दिवस किरकोळ रजा दिली. चौथ्या दिवशी तो वर्गावर होता. डोळे तांबारलेले, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग. मोठ्या सुट्टीत मोटारसायकल काढून चौदा किलोमीटर बारामतीला जायचा, बायकोला जेवण, बाळाचं बघायचं, परत. एकदा वीस मिनिटं उशीर झाला. मी हजेरीपटावर लाल पेनानं वेळ लिहिली.

मुकादमाच्या हातात वही असते, माझ्या हातात लाल पेन होतं.

कायदा कुठवर आलाय हे मी निवृत्तीनंतर, रिकामपणी वाचत गेले. आणि वाचताना आधी धक्का बसला तो माझ्याच शिक्षकी पेशाबद्दल. पस्तीस वर्षं १४ एप्रिलला पोरांकडून बाबासाहेबांवर भाषणं बसवून घेतली. चवदार तळं असायचं, घटना असायची. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरण्यांत राबणाऱ्या बाळंतिणींच्या भत्त्याच्या विधेयकावर ते पाठिंब्यानं बोलले होते, हे एकाही भाषणात नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं, आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पुढच्याच वर्षी, १९२९ ला, मुंबई इलाख्याचा कायदा झाला. भार मात्र मालकावर. १९६१ ला देशाचा कायदा झाला, २०१७ ला १२ आठवड्यांचे २६ आठवडे झाले, पगार देणारा मालकच. त्यामुळे आज बारामतीत कुठल्याही दुकानदाराशी बोला, पहिलं वाक्य ठरलेलं: "मग आम्ही बाईमाणूस कामाला ठेवायचंच कशाला?" त्याला मी आता लगेच वाईट माणूस म्हणत नाही. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी बोट ठेवलेली जागा ती हीच.

माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईची सून पॅकिंगच्या एका लहानशा गाळ्यात कामाला होती. गाळ्यात माणसं आठ. कायदा दहा माणसांपासून मोजायला लागतो. सातव्या महिन्यात ती घरी बसली, ती बसलीच. केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळाचे ५,००० रुपये मिळाले, हप्त्याहप्त्यानं. त्यातून तिनं पंखा घेतला. बाळाला गरम होत होतं.

शेजारच्या काकू दरवर्षीच्या हिशेबानं अमेरिकेला जातात, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला. बॅगेत डिंक, हाळीव, खारीक पूड. तिकडे सबंध देशाला लागू असा पगारी रजेचा कायदाच नाही. १९९३ चा एक आहे तो १२ आठवड्यांचा, बिनपगारी. म्हणजे बारामतीची सत्तरीची बाई विमानानं जाऊन त्या श्रीमंत देशाची उणीव सहा महिने भरून काढते. काकूंना मी हे म्हटलं तर त्या म्हणाल्या, "अगं, गुडघे दुखतात तिकडे फार."

२०१८ साली राज्य सरकारनं बालसंगोपन रजा काढली, नोकरीतल्या बायकांना १८० दिवस. पुरुषालाही आहे, पण कधी? त्याची बायको वारलेली असेल तर, किंवा असाध्य दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली असेल तर. तो निर्णय वाचताना माझ्या डोळ्यांपुढे चौथीचे ते गुरुजी आले. त्याची बायको जिवंत होती, टाके ओले होते, पण टाक्यांना असाध्य म्हणत नाहीत. केंद्राच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात, म्हणजे इंदापूरच्या पोस्टातल्या बाबूला मिळतात. त्याच रस्त्यावर पलीकडच्या कापडदुकानात गठ्ठे उचलणाऱ्या बापाला काय?

दत्तक घेणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवडे दिले, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट घातली. आपल्याकडे दत्तकाची कागदपत्रंच इतकी चालतात की बाळ हाती येईतो रांगायला लागतं. माझी एक अविवाहित सहकारी या रांगेत उभी राहिली होती. नातेवाइकांनी तिला विचारलं, "तुला कसली ग रजा? तू कुठे बाळंत झालीस?" आपल्या मनात रजा ही पोटाची असते, मुलाची नसते. म्हणून १६ ऑगस्ट २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी कात्रण करून ठेवलाय. चंदीगडच्या एका परिचारिकेनं नवऱ्याच्या आधीच्या लग्नाच्या मुलांसाठी संगोपन रजा घेतली होती, म्हणून तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळाला प्रसूती रजा नाकारली होती. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि बोपण्णा यांनी ती देवविली आणि वर हेही लिहिलं की आई-बाप-दोन मुलं या साच्यात न बसणारं घरही घरच असतं. न्यायमूर्ती चंद्रचूडांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं कन्हेरसर. उगाच बरं वाटलं.

बापाच्या रजेचं विधेयक २०१७ मध्ये हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत मांडलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्याच खासदार, बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी पुन्हा मांडलं. खासगी विधेयकं मांडली जातात आणि राहतात; १९७० नंतर अशा एकाही विधेयकाचा कायदा झालेला नाही. पण त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बाकावर तेवढाच विषय होता. एक निवृत्त अभियंता म्हणाले, "बापाला रजा दिली तर तो पत्ते कुटेल." दुसरे म्हणाले, लग्नं उरकेल. एक बाई म्हणाल्या ते मला जास्त खरं वाटलं: "बाळंतिणीला दोघांचं करावं लागेल. बाळाचं आणि घरी बसलेल्या ह्यांचं." हसू आलं, पण खोटं नाही. स्वीडननं १९७४ सालीच आई-बाप दोघांना रजा दिली, तरी तिथले बाप ती घेत नव्हते. १९९५ ला एक महिना राखून ठेवला, एकानं घेतला नाही तर दुसऱ्याला मिळणार नाही असा, तेव्हा कुठे बाप हलले. आमच्या आबांना कुणी महिना राखून दिला नव्हता. पण आबांना हलायला एक मूल गमवावं लागलं होतं, आणि प्रत्येक बापाला त्या शाळेतून काढायचं का?

मी बाकावर आबांची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच संध्याकाळी फोन करून त्या गुरुजींचा पत्ता काढला. बारामतीतच, भिगवण रस्त्याला, स्वतःचं लहानसं घर. दुसऱ्या दिवशी गेले. हातात काय न्यावं कळेना. डिंकाचे लाडू केले, मग वाटलं चौदा वर्षं उशिरा बाळंतविडा नेणारी ही कोण बाई. तरी नेले.

दोघं नवरा-बायको फार आदरानं वागली. "बाई, बसा, बाई, चहा." मुलगी आठवीत. मी इकडचं-तिकडचं बोलले, मग एकदम म्हणाले, "सर, त्या वेळी मी तुमचा अर्ज पुढे पाठवायला हवा होता."

तो जरा हसला. कोणता अर्ज, असं म्हणेल अशी माझी फार आशा होती. तसं म्हणाला नाही.

"शेजारच्या चाचींनी केलं बाई सगळं. बाळाला न्हाऊ घालायला मला त्यांनीच शिकवलं. पायावर घेऊन." त्यानं पाय जरा पसरून दाखवले. मग म्हणाला, "मला बाकी कुणाकडून अपेक्षाच नव्हती. तुमच्याकडून होती. तुम्ही ती आबांची गोष्ट सांगायचात ना स्टाफरूममध्ये, दोन झोळ्यांची. मी ती घरी येऊन हिला सांगितली होती. म्हटलं होतं, आपल्या बाई रजा देतील."

त्याची बायको कपबशा उचलत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आतून मुलगी वही घेऊन आली. अपूर्णांकाचं गणित अडलं होतं. "दोन मिनिटं हं, बाई," म्हणून तो तिच्यामागे आत गेला. मी लाडवांचा डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, मग जरा पुढे सरकवला. आतून त्याचा आवाज येत होता. समजावून सांगत होता, घाई न करता, पहिल्या पायरीपासून.